एमडीएफ फर्निचरवर गुळगुळीत रंग कसा चढवायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरज रस्त्यावर आमचं छोटं वर्कशॉप आहे. शटर (कपाटाची दारं), अभ्यासाची टेबलं, टीव्ही युनिट, देव्हारे असं एमडीएफचं काम आम्ही बनवतो आणि रंगवतोही. घरी स्वतः करून बघणारे असोत, नाहीतर गावाकडचे सुतार मित्र, सगळ्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात. तेच इथे लिहून ठेवले आहेत. घाईत असाल तर निदान कडांबद्दलचे प्रश्न वाचून मग डबा उघडा. बिघडलेली दहा कामं माझ्याकडे आली तर नऊ कडांवर बिघडलेली असतात.

शीट तर काचेसारखी गुळगुळीत असते. मग रंगवल्यावर कडा खरखरीत का होतात?

एमडीएफ म्हणजे लाकडाचा लगदा. लाकूड वाफवून त्याचे तंतू सुटे करतात, त्यात युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद आणि थोडं मेण मिसळतात आणि गरम प्रेसखाली दाबतात. दाब आणि उष्णता आधी वरच्या-खालच्या पृष्ठभागाला मिळते, म्हणून तिथला थर घट्ट होतो. मधला गाभा त्या मानाने पोकळ राहतो. करवतीने शीट कापली की हाच गाभा कडेला उघडा पडतो. तो रंग पितो. अक्षरशः पितो, पहिला हात मारला की पाच मिनिटांत कड कोरडी दिसायला लागते. वर रंग पाण्याचा असेल तर तंतू फुगतात आणि कडेला बारीक लव उभी राहते.

मी सुरुवातीच्या दिवसांत भाचीसाठी पांढरं टेबल केलं होतं. वरचा फळा सुंदर झाला, कड मात्र गोणपाटासारखी दिसत होती. रंग कमी पडला असेल असं समजून मी अजून दोन हात मारले. खरखर तशीच राहिली, फक्त जाड झाली. शेवटी तपकिरी गाभा दिसेपर्यंत सगळी कड घासून काढली, तिची भोकं बुजवून ती बंद केली आणि पुन्हा सुरुवात केली. जो खडबडीतपणा खाली आहे तो वरचा रंग झाकत नाही, उलट उठून दाखवतो.

कोणती शीट घ्यावी?

रंगकामासाठी साधी, दोन्ही बाजूंनी कोरी शीट घ्या. प्रीलॅमिनेटेड नको, त्या गुळगुळीत थराला रंग नीट धरत नाही. शटरला १८ मिमी बरी. शीटवर आयएस १२४०६ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि आयएसआय खूण आहे का ते बघा. दुकानात उभे असतानाच कापलेल्या तुकड्याच्या कडेवर अंगठ्याचं नख दाबा. मधोमध नख सहज रुतलं, भुसा सुटला, तर त्या शीटची कड तुम्हाला रडवणार.

स्वयंपाकघर आणि बाथरूमजवळच्या कामाला एचडीएचएमआर घ्या. त्याची घनता जास्त असते, ओल कमी लागते आणि गाभा घट्ट असल्यामुळे कड बंद करायची मेहनतही निम्मी होते. पण ते जलरोधक नाही. सिंकच्या खालच्या कपाटाला मी अजूनही बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारं प्लायवूडच सुचवतो.

कडा बंद करायला नेमकं काय वापरायचं?

चार रस्ते आहेत आणि चारही मी वापरले आहेत.

माझ्या पहिल्या पसंतीची आहे गॅरेजवाल्यांची दोन भागांची पॉलिएस्टर लांबी, म्हणजे गाडीच्या पोचा आलेल्या पत्र्यावर भरतात ती पेस्ट. तिच्यात पाणी नसतं, त्यामुळे तंतू फुगत नाहीत. वाळताना ती फारशी आकसतही नाही. लिंबाएवढी लांबी घ्यायची आणि हार्डनर अगदी थोडा, शंभराला साधारण दोन भाग. जास्त घातला तर पट्टीवरच दगड होतो. मे महिन्यात सांगलीच्या उन्हात पाच-सात मिनिटंच हाताशी असतात, म्हणून एका वेळी एका शटरपुरतीच कालवा. पट्टी कडेला दाबून ओढायची. लांबी कडेवर साचवायची नाही, गाभ्यात घुसवायची. वीस-पंचवीस मिनिटांनी १८० नंबरच्या सँडपेपरने ठोकळ्यावर घासा. घासून झाल्यावर कडेवर तपकिरी आणि लांबीच्या रंगाचे ठिपके एकत्र दिसले, तर काम बरोबर झालं. नुसताच लांबीचा रंग दिसत असेल तर थर जाड राहिलाय, तो उद्या ठेच लागून टवका उडून जाईल.

दुसरा रस्ता लाखेचा. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून तीही तंतू फुगवत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या वाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत लाखेचं पॉलिश आणि स्पिरिट ही रोजची वस्तू आहे, त्यामुळे आपल्याकडे ते मिळायला अडचण नाही. कडेला पातळ लाखेचे दोन-तीन हात द्या, मध्ये २२० ने हलकं घासा. राऊटरने पाडलेल्या नक्षीत, जिथे लांबीची पट्टी जात नाही, तिथे मी हेच वापरतो. एक खबरदारी घ्या. वरून पीयू (पॉलियुरेथेन) रंग देणार असाल तर मेण काढलेली लाख मागा. साध्या लाखेत मेण असतं आणि त्यावर पीयूची पकड ढिली पडते.

तिसरा रस्ता पीयू सीलर किंवा पीयू प्रायमरचाच. कडेला आधी दोन हात, मग सगळीकडे. स्प्रे असेल तर हा सगळ्यांत स्वच्छ.

चौथा फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून चोपडण्याचा. स्वस्त आहे, घरी असतो, म्हणून बहुतेक जण हाच करतात. ब्रशने एनामेल मारायचं साधं मांडणीचं काम असेल तर चालून जातो. पण त्यात पाणी असल्याने लव उठते, आणि घासायला गेलं की गोंद तापून पेपरला गोळे धरतो. आरशासारखं काम हवं असेल तर या वाटेने जाऊ नका.

भिंतीची पुट्टी उरली आहे. ती भरली तर?

नको. ती पांढऱ्या सिमेंटची, पाण्यात कालवायची वस्तू आहे. कड पाणी ओढून फुगते आणि वाळलेली पुट्टी ठिसूळ असल्याने दार दोनदा आपटलं की तिचे तुकडे पडतात.

कड काटकोनात धारदार ठेवायची की गोल करायची?

किंचित मोडा. धारेवर ओला रंग टिकत नाही, तो दोन्ही बाजूंना ओढला जातो आणि नेमकी धारच उघडी राहते. पुढे पेपर लावला की पहिल्यांदा तिथलाच रंग जातो. दीड-दोन मिलिमीटरची गोलाई पुरते. लांबून कड सरळच दिसते, हात फिरवला तरच कळतं.

पेपर कोणत्या नंबरचा, कधी?

लांबीवर १८०, मग २२०. प्रायमरवर ३२०. शेवटच्या रंगाच्या हातांमध्ये ४००. शीटचा वरचा भाग जास्त घासू नका, तो घट्ट थर निघाला की खालचा तंतुमय भाग वर येतो. २२० ने एकदा हलका हात फिरवलात की झालं. बोटांनी घासू नका, बोटांच्या खाली नाल्या पडतात. लाकडाचा ठोकळा किंवा रबरी पॅड घ्या.

कोऱ्या एमडीएफवर पाणी घालून वॉटर पेपर कधीही चालवू नका. चकचकीत पीयू पूर्ण वाळल्यावर १००० पासून पुढे पाण्याने घासून बफिंग करतात ते वेगळं. तोवर सगळं बंद झालेलं असतं.

प्रायमर सपाट झाला की नाही हे डोळ्याला कळत नाही. मी साधी पेन्सिल घेतो आणि प्रायमरवर हलक्या हाताने आडव्या-तिरक्या रेघोट्या ओढतो. मग ३२० ने घासतो. जिथे रेघ शिल्लक राहिली तिथे खड्डा. लांबीचा एक पातळ हात देऊन पुन्हा. ही पाच मिनिटं वाचवून कोणाचंच भलं झालेलं मी पाहिलं नाही. शेवटी खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च शटरला जवळजवळ टेकवून आडवा धरा. सरळ उजेडात लपलेली प्रत्येक लाट त्यात सावली टाकते.

प्रायमर पाण्याचा की ऑइलचा?

पहिला हात तरी बिनपाण्याचा असावा: ऑइलचा वूड प्रायमर किंवा दोन भागांचा पीयू प्रायमर. एकदा शीट बंद झाली की वरून पाण्याचा रंग बिनधास्त मारा. ऑइलच्या प्रायमरला रात्रभर द्या. हाताला कोरडा लागतो पण पेपरला चिकटतो, तोवर तो वाळलेला नाही. घासताना पांढरी भुकटी पडायला हवी. पेपरवर गुंडाळ्या दिसल्या तर पेपर खाली ठेवा आणि चहा घ्या.

एनामेल, ड्युको, पीयू यांतलं काय निवडावं?

ड्युको हे मुळात अमेरिकेच्या ड्यूपाँ कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं, १९२० च्या दशकातलं, मोटारगाड्यांसाठीचं नाव. आपल्याकडे आता स्प्रेने मारलेल्या कुठल्याही चकचकीत रंगाला ड्युको म्हणतात. म्हणून ठेकेदार "ड्युको करून देतो" म्हणाला की विचारा, एनसी (नायट्रोसेल्युलोज) की पीयू? दोन्हींत टिकाऊपणाचं अंतर मोठं आहे.

एनसी झटपट वाळतो, दिवसात तीन-चार हात होतात, चूक झाली तर दुरुस्ती सोपी. पण गरम भांडं, स्पिरिट, परफ्यूम यांनी डाग पडतो. पीयू कडक होतो, पाणी आणि ओरखडा सोसतो. स्वयंपाकघराच्या शटरला तोच. साधं ऑइल एनामेल ब्रशने मारता येतं, पण पांढरा रंग काही वर्षांत पिवळा पडतो, आणि अंधारात लवकर पडतो. कपाट उघडलं की आतली बाजू बाहेरच्यापेक्षा पिवळी दिसते ती म्हणूनच. घरी, ब्रशने, पांढरं काम करायचं असेल तर पाण्यातलं ॲक्रिलिक एनामेल घ्या.

एक नियम पाठ करा: जहाल थिनरचा रंग मऊ रंगावर चढवायचा नाही. जुन्या ऑइल एनामेलवर एनसी मारला की खालचा रंग सुरकुततो, पापुद्र्यासारखा वर येतो. उलट क्रम, एनसीवर एनामेल, चालतो.

कॉम्प्रेसर नाही. ब्रश-रोलरने चांगलं होतं का?

होतं. चार इंची बारीक स्पंजचा रोलर घ्या, भिंतीचा लोकरी रोलर नको. शटर बिजागरीवरून उतरवा आणि आडवं ठेवा. उभ्या शटरवर ओघळ येणारच. रंग नायलॉनच्या जुन्या ओढणीतून गाळून घ्या. पातळ हात मारा, आणि लगेच रिकाम्या रोलरने वजन न देता एका दिशेने शेवटचा फेर. मग हात काढून घ्या. दोन मिनिटांनी एखादी जागा राहिलेली दिसेल, तिथे ब्रश लावायचा मोह होईल. लावू नका. अर्धवट वाळलेल्या रंगावर ब्रश गेला की ओरबाडल्यासारखा डाग पडतो. राहिलेली जागा पुढच्या हातात झाकली जाते, डाग झाकला जात नाही.

स्प्रे केला तर संत्र्याच्या सालीसारखे दाणे येतात.

रंग पसरायच्या आत वाळतो म्हणून. एकतर रंग दाट आहे, किंवा गन लांब आहे, किंवा हवा कमी पडते. गन पृष्ठभागापासून सहा ते आठ इंचांवर, काटकोनात, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्या पट्ट्यावर चढलेला हवा. मनगट फिरवू नका, अख्खा हात सरकवा. दाटपणा मोजायला तळाला भोक असलेला बी-४ कप मिळतो. तो भरून धार तुटेपर्यंत साधारण १८ ते २५ सेकंद लागले तर रंग स्प्रेला योग्य. अर्थात डब्यावर कंपनीने आकडा दिला असेल तर तोच माना. हार्डनरचं प्रमाणही डब्यावरचंच, अंदाजाने नको.

ओघळ आला तर ओला असताना पुसू नका. वाळू द्या, ४०० ने सपाट करा, पुढचा हात द्या.

आपल्याकडे रंगकाम कोणत्या महिन्यात करावं?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा सगळ्यांत बरी, पण हाच उसाचा हंगाम. तोड झाल्यावर शिवारात पाचट पेटवतात आणि त्याची काळी राख वाऱ्यावर मैलभर येते. बोटभर लांबीची, पिसासारखी हलकी कात्रणं. ओल्या पांढऱ्या शटरवर एक बसलं आणि बोटाने उचलायला गेलात की त्याची काळी रेघ उमटते. तसं झालं तर हात लावू नका, पूर्ण वाळू द्या आणि मग घासा. आम्ही संध्याकाळी धूर दिसला की टॉप कोट (शेवटचा हात) थांबवतो. खिडक्यांना जुनी साडी ओली करून लावतो आणि फरशीवर आधी पाणी शिंपडतो.

एप्रिल-मेमध्ये थिनर हवेतच उडतो आणि दाणे येतात; सकाळी आठच्या आत काम उरका किंवा सावकाश उडणारा थिनर मागा. पावसाळ्यात एनसीवर दुधासारखं पांढरट धुकं येतं. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्यावर बसते. रिटार्डर (सावकाश उडणाऱ्या) थिनरचा एक हलका हात दिला की बहुतेक वेळा ते जातं. महाबळेश्वर-वाईच्या बाजूला जून ते सप्टेंबर टॉप कोट मारूच नका असं मी सांगतो.

स्क्रूच्या जागी महिन्याभराने टेंगळं आली.

स्क्रू घुसताना एमडीएफ बाजूला ढकलतो आणि तोंडाशी उंचवटा येतो. आधी भोक पाडा, तोंड काउंटरसिंक करा (खोलगट करा), स्क्रू आवळा, उंचवटा घासा, मग लांबी. जोड मात्र गोंदाने घट्ट हवा. जोड हलत असेल तर त्यावरची कुठलीही लांबी चिरणारच.

शटर रंगवल्यावर वाकलं.

पुढची बाजू पीयूने बंद केली आणि मागची कोरी ठेवली असणार. कोरी बाजू पावसाळ्यात ओल घेते, रंगवलेली घेत नाही. दोन्ही बाजूंना सारखेच हात द्या, बिजागरीच्या वाट्यांच्या आतही प्रायमर फिरवा.

गणपतीसाठी लेझरने कापलेलं मखर आहे. कडा काळ्या आहेत आणि रंगातून काळपट उमटतं.

२०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून हे काम दरवर्षी वाढतंय. ती काळी कड म्हणजे जळलेला तंतू आणि काजळी. ओल्या फडक्याने पुसली तर काजळी पृष्ठभागावर पसरते. कोरड्या २२० ने कड तपकिरी होईपर्यंत घासा, ब्रशने झाडा, लाखेचे दोन हात द्या, मग रंग. जाळीच्या कामात ब्रश आत जात नसेल तर लाख स्प्रेने. आणि चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात नको, तीन आठवडे आधी आणा. वास जायला वेळ लागतो.

मास्क खरंच लागतो का?

लागतो, आणि एक पुरत नाही. एमडीएफचा भुसा पिठासारखा बारीक असतो आणि त्यात फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग करतं, असं आयएआरसी या जागतिक संस्थेने २००४ मध्ये जाहीर केलं. लाकडाचा भुसा त्याआधीच त्या यादीत होता. कापताना-घासताना एन-९५ घाला. पीयू स्प्रे करताना मात्र एन-९५ चा उपयोग नाही, कारण तो वाफ अडवत नाही. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दम्याचा त्रास जडू शकतो आणि एकदा जडला की बहुतेकदा आयुष्यभर राहतो. कार्बन काडतुसांचा मास्क आणि उघडी हवा हवीच. रुमाल बांधून दिवसभर पीयू मारणारी पोरं बघितली की माझा जीव तुटतो. मालकांनी मास्क विकत आणून द्यावा, पोरांनी तो मागून घ्यावा.

थिनरजवळ गॅस, समई, उदबत्ती, बिडी काही नको. घरात मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर स्प्रे घरात करूच नका.

रंगवलेलं किती दिवसांनी वापरायला घ्यायचं?

रंग वाळतो लवकर, पिकतो उशिरा. पीयूला आठवडा द्या, ऑइल एनामेलला तीन-चार आठवडे. तोपर्यंत वर वर्तमानपत्र, भांडी, फुलदाणी ठेवू नका. वर्तमानपत्राची अक्षरं उलटी उमटलेलं टेबल मी दुरुस्त केलं आहे.

पुराचं पाणी लागलेलं फर्निचर पुन्हा रंगवता येईल?

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा घरांत शिरलं. दोन्ही वेळा लोकांनी शटर आणून दाखवली. १८ मिमीची कड फुगून चांगलीच जाड झाली होती, दाबली की भाकरीसारखी तुटत होती. फुगलेलं एमडीएफ वाळलं तरी पूर्वीच्या जाडीला येत नाही, कारण तंतूंमधला गोंदच सुटलेला असतो. त्यावर रंगाचा खर्च करू नका. फक्त पायाशी इंच-दोन इंच ओल लागली असेल तर तेवढा भाग कापून खाली लाकडाची पट्टी जोडता येते. पूरपट्ट्यात तळमजल्यावर राहत असाल तर खालची कपाटं एमडीएफची करू नका, असं मी गिऱ्हाइकाला काम हातचं जात असलं तरी सांगतो.

वर्षभराने टवका उडाला तर तेवढ्याच जागी रंग लावता येतो का?

मॅटमध्ये येतो, चकचकीतमध्ये जोड दिसतो; तिथे अख्खं शटर ४०० ने घासून एक हात द्यावा लागतो. दोन्हींसाठी रंग तोच हवा. म्हणून काम संपताना हार्डनर न मिसळलेला थोडा रंग छोट्या डब्यात काठोकाठ भरून ठेवा, झाकण घट्ट ठोका, वर चिकटपट्टी लावून शेडचा नंबर आणि तारीख लिहा. हार्डनर मिसळलेला उरला असेल तर तो ठेवून उपयोग नाही, दुसऱ्या दिवशी डब्यात खडा झालेला सापडेल.